सिलोनची 'जातिक विमुक्ति पेरमुण': वारंवार विचारले जाणारे प्रश्न

श्रीलंकेचे राजकारण वाचताना १९५८ च्या आसपास के. एम. पी. राजरत्न हे नाव अचानक येते आणि दोन परिच्छेदांत नाहीसे होते. त्यांच्या 'जातिक विमुक्ति पेरमुण' (रोमन आद्याक्षरांत जेव्हीपी) या पक्षाबद्दल मराठीत सलग काही सापडत नाही. त्यामुळे तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. त्यांची उत्तरे इथे एकत्र दिली आहेत. देशाचे नाव १९७२ पर्यंत सिलोन होते, म्हणून जुन्या काळाबद्दल लिहिताना सिलोनच म्हटले आहे.

जेव्हीपी म्हणजे तीच ना, ज्यांचे अनुरा कुमार दिसानायके आता राष्ट्राध्यक्ष आहेत?

नाही. हा घोटाळा सगळ्यात जास्त वेळा होतो. दिसानायके यांचा पक्ष 'जनता विमुक्ति पेरमुण'. तो रोहण विजेवीर यांनी १९६५ मध्ये उभा केला. तो मार्क्सवादी होता आणि त्याने १९७१ मध्ये व पुन्हा १९८७ ते १९८९ या काळात सशस्त्र उठाव केले. आपण बोलतो आहोत ती 'जातिक विमुक्ति पेरमुण'. ती त्याच्या आधीची आणि उजव्या अंगाची, सिंहली भाषा आणि बौद्ध धर्म यांच्या नावावर उभी राहिलेली. रोमन लिपीत दोघांचीही आद्याक्षरे सारखीच पडतात. साधी खूण लक्षात ठेवा: १९६० आणि १९६५ च्या निकालतक्त्यांत ही आद्याक्षरे एक-दोन जागांसमोर दिसली, तर ती राजरत्नांची मंडळी.

'जातिक' म्हणजे जातीय का?

मराठी डोळ्याला तसेच वाटते आणि तिथेच फसायला होते. सिंहली ही आपल्या मराठीसारखीच प्राकृतातून आलेली भाषा. शब्द ओळखीचे वाटतात, पण अर्थ सरकलेले असतात. सिंहलीत 'जाति' म्हणजे राष्ट्र किंवा वंश. आपण ज्याला जात म्हणतो, त्याला तिकडे 'कुल' म्हणतात. 'पेरमुण' म्हणजे आघाडी, सैन्याच्या पुढच्या फळीच्या अर्थाने. म्हणून पक्षाचे नाव मराठीत आणायचे तर 'राष्ट्रीय मुक्ती आघाडी' असे होईल.

मात्र राष्ट्र आणि वंश या दोन्ही कल्पनांना एकच शब्द असणे ही केवळ शब्दकोशातली गंमत नाही. 'जातिक' म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात सिंहली माणूस यायचा. उत्तरेतल्या जाफन्याचा तमिळ किंवा चहामळ्यातली मजूर बाई त्या शब्दात आपोआप बसत नसे.

मुक्ती कोणापासून? इंग्रज तर १९४८ लाच गेले होते.

४ फेब्रुवारी १९४८ ला सिलोन स्वतंत्र झाला खरा, पण कोलंबोतल्या साहेबी घरांत फार काही हलले नाही. पहिले पंतप्रधान डी. एस. सेनानायके, त्यांच्यानंतर मुलगा डडली, मग नात्यातलेच सर जॉन कोटेलावाला. लोक सत्ताधारी युनायटेड नॅशनल पार्टीच्या आद्याक्षरांचा अर्थ 'काका-पुतण्यांची पार्टी' असा लावत. सरकारी कामकाज इंग्रजीत चाले आणि इंग्रजी येणारे लोक शेकडा दहासुद्धा नव्हते. तेव्हाच्या सोलबरी राज्यघटनेच्या कलम २९(२) प्रमाणे कोणत्याही धर्माला विशेष सवलत देणारा कायदा संसदेला करता येत नव्हता.

खेड्यातल्या सिंहली माणसाला हे कसे दिसत होते? शाळामास्तर सिंहलीत शिकवणार, आयुर्वेदाचा वैद्य सिंहलीत औषध सांगणार, भिक्खू पाली-सिंहलीत बण म्हणजे प्रवचन देणार, आणि या तिघांनाही कचेरीतला कागद वाचता येणार नाही. चांगल्या शाळा मिशनच्या आणि चांगल्या नोकऱ्या मिशनच्या शाळेतून आलेल्यांच्या. लोकसंख्येत सुमारे ६४ टक्के बौद्ध होते. 'देश आमचा, पण दारात आम्ही उभे' ही भावना तिथून आली. तक्रारीचा तेवढा भाग खरा होता, हे मान्य केल्याशिवाय पुढचे काही समजत नाही.

त्यात १९५६ आले. थेरवादी गणनेनुसार बुद्धाच्या महापरिनिर्वाणाला २५०० वर्षे, म्हणजे बुद्ध जयंतीचे मोठे वर्ष. त्याच वर्षाच्या सुरुवातीला अखिल सिलोन बौद्ध काँग्रेसने नेमलेल्या चौकशी समितीचा अहवाल आला. वसाहतीच्या काळात बौद्ध धर्माशी दगाबाजी झाली, असा त्याचा सूर होता. दोन महिन्यांत निवडणुका लागल्या. एस. डब्ल्यू. आर. डी. बंडारनायके यांच्या 'महाजन एक्सत् पेरमुण' या आघाडीने निवडून द्यायच्या ९५ पैकी ५१ जागा घेतल्या आणि सत्ताधारी पक्षाच्या हाती ८ उरल्या.

राजरत्न कोण होते?

याच १९५६ च्या लाटेत उवा प्रांतातल्या वेलिमडा मतदारसंघातून निवडून आलेले नेते. वेलिमडा म्हणजे बदुल्ला आणि नुवर एलिय यांच्यामधला डोंगराळ टापू. आज तो बटाटे आणि भाजीपाल्यासाठी ओळखला जातो, पण तेव्हा त्याची ओळख वेगळी होती. वरच्या उतारांवर ब्रिटिश कंपन्यांचे चहामळे, मळ्यांत दक्षिण भारतातून आणलेले तमिळ मजूर, आणि मळ्यांच्या खालच्या अंगाला जमीन अपुरी पडणारी सिंहली खेडी. जाफन्याचा तमिळ या खेडुताने कधी पाहिलेला नसे. त्याचा शेजारी होता तो मळ्यातला मजूर. राजरत्नांचे राजकारण या भूगोलातून वर आले, कोलंबोच्या वाचनालयातून नव्हे.

पक्षाच्या मागण्या तरी काय होत्या?

थोडक्यात दोन. राजभाषा फक्त सिंहली, आणि त्यात तमिळसाठी कसलीही सूट नाही. मळ्यांतल्या भारतीय वंशाच्या तमिळांनी भारतात परत जावे. या दोन्हींच्या मागे एकच धारणा होती: हे बेट सिंहली माणसाचे आणि बुद्धाच्या शासनाचे, म्हणजे धम्माचे.

आर्थिक धोरण, शेती, परराष्ट्र संबंध यांवर पक्षाचे म्हणणे शोधायला गेलात तर हाती फार लागणार नाही. असे पक्ष जगभर असतात. एकच खुंटी असते आणि सगळे तिच्यावरच टांगलेले असते.

पण 'फक्त सिंहली' कायदा बंडारनायकेंनीच केला ना? मग त्यांच्याशी भांडण कशाचे?

कायदा त्यांनीच केला: १९५६ चा राजभाषा कायदा, क्रमांक ३३. भांडण पुढच्या पावलाचे होते, आणि ते समजून घेण्यासाठी लिलावाची कल्पना डोळ्यापुढे आणावी लागते.

१९५१ मध्ये बंडारनायकेंनी श्रीलंका फ्रीडम पार्टी काढली तेव्हा त्यांची बोली होती: इंग्रजी जाऊन सिंहली आणि तमिळ या दोन्ही भाषा येऊ देत. १९५४ मध्ये पंतप्रधान कोटेलावाला जाफन्यात जाऊन दोन्ही भाषांना समान स्थान देण्याचे आश्वासन देऊन आले. बेटाच्या सिंहली दक्षिणेत त्यावरून गदारोळ उठला. बंडारनायकेंनी बोली चढवली: फक्त सिंहली, तीही चोवीस तासांत. मग फेब्रुवारी १९५६ मध्ये केलानियाच्या अधिवेशनात कोटेलावालांच्या पक्षानेही कोलांटी मारली आणि 'फक्त सिंहली' मान्य केले. तमिळ भाषकांसाठी बोली लावणारा मोठा पक्ष आता एकही उरला नव्हता.

सत्तेत आल्यावर बंडारनायकेंना कळले की राज्य चालवायचे तर तमिळांशी काहीतरी तडजोड हवी. कायद्याच्या मसुद्यात थोडी सवलत घालू पाहिली, तर विद्यापीठातले अध्यापक एफ. आर. जयसूर्य उपोषणाला बसले आणि सवलत निघाली. २६ जुलै १९५७ ला त्यांनी तमिळांच्या फेडरल पक्षाचे नेते एस. जे. व्ही. चेल्वनायकम यांच्याशी करार केला. त्यात प्रादेशिक परिषदा, उत्तर-पूर्वेत प्रशासनाला तमिळ, आणि तिकडच्या सरकारी वसाहतींत जमीन कोणाला द्यायची याचा अधिकार त्या परिषदांना, अशी कलमे होती. आज वाचले तर करार इतका साधा वाटतो की एवढ्यासाठी पुढची पन्नास वर्षे का गेली, असे वाटावे.

राजरत्न आणि त्यांच्यासारख्यांसाठी मात्र ही फितुरी होती. त्यांचा पक्ष या फटीत वाढला: 'कायदा केलात, आता राबवताना कच का खाता?' विरोधी युनायटेड नॅशनल पार्टीचे जे. आर. जयवर्धने ऑक्टोबर १९५७ मध्ये कराराविरुद्ध कँडीला पदयात्रा घेऊन निघाले. ती इंबुलगोड इथे अडवली गेली. शेवटी ९ एप्रिल १९५८ ला भिक्खूंनी पंतप्रधानांच्या कोलंबोतल्या रोझमीड प्लेसच्या घरासमोर ठाण मांडले, लेखी हमी मागितली, आणि बंडारनायकेंनी करार मोडला.

पक्षावर बंदी कधी आली?

करार मोडल्यानंतर सात आठवड्यांत. त्याआधी गाड्यांच्या नंबरपट्टीवरच्या सिंहली 'श्री' अक्षरावरून दोन्ही बाजूंनी डांबर फासण्याचे प्रकार चालू होते. मे १९५८ मध्ये पोलोन्नरुवाच्या भागात हल्ले सुरू झाले, ते पसरले आणि शेकडो माणसे गेली. मरणाऱ्यांत तमिळ फार मोठ्या संख्येने होते. २७ मे ला आणीबाणी पुकारली गेली आणि गव्हर्नर-जनरल सर ऑलिव्हर गुणतिलके यांच्या हातात सूत्रे गेली. सरकारने एकाच वेळी दोन पक्ष बेकायदा ठरवले: तमिळांचा फेडरल पक्ष आणि राजरत्नांची जातिक विमुक्ति पेरमुण.

समतोल दिसावा म्हणून दोन टोकांना एकाच दावणीला बांधण्याची सरकारी खोड आपल्याला नवी नाही. फेडरल पक्ष हा उत्तर-पूर्वेत सर्वाधिक मते घेणारा पक्ष होता. दुसऱ्याचे बळ एका डोंगरी तालुक्यापुरते. पण बंदीच्या आदेशात दोघे शेजारी बसले, आणि राजरत्नांच्या पक्षाचे नाव इतिहासात टिकले ते मुख्यतः या एका ओळीमुळे.

पक्षात भिक्खू होते का?

हा पक्ष भिक्खूंचा नव्हता, गृहस्थांचा होता. भिक्खूंची संघटना वेगळी: 'एक्सत् भिक्खू पेरमुण'. १९५६ मध्ये बंडारनायकेंसाठी गावोगाव प्रचार तिनेच केला. तिचे सूत्रधार केलानियाच्या विहाराचे मापिटिगम बुद्धरक्खित थेर. २५ सप्टेंबर १९५९ ला तल्दुवे सोमाराम या भिक्खूने बंडारनायकेंना त्यांच्या घरीच गोळ्या घातल्या. तो आयुर्वेद महाविद्यालयात शिकवणारा. वंदन करण्यासाठी वाकलेल्या पंतप्रधानांवर त्याने पिस्तूल काढले. दुसऱ्या दिवशी ते गेले. कटाचा सूत्रधार म्हणून बुद्धरक्खित दोषी ठरले. खटल्यात जहाजवाहतुकीच्या धंद्यातल्या बिनसलेल्या हितसंबंधांचा विषय निघाला, धर्माचा नव्हे.

राजरत्नांच्या पक्षाचा या खुनाशी संबंध नाही. कधी कधी दोन्ही गोष्टी एका वाक्यात गुंफल्या जातात, म्हणून स्पष्ट लिहिले. पण या खुनाने काषाय वस्त्राची राजकारणातली पत काही काळ घसरली, आणि त्याची झळ सगळ्याच सिंहली-बौद्ध गटांना बसली.

अर्धा टक्काही मते नाहीत आणि दोन खासदार, हे कसे?

मार्च १९६० च्या निवडणुकीत पक्षाला देशभरात अकरा हजारांच्या आसपास मते पडली आणि दोन जागा मिळाल्या. त्याच निवडणुकीत फिलिप गुणवर्धने यांच्या पक्षाने तीन लाखांवर मते घेतली आणि त्यांच्या वाट्याला आल्या दहा. म्हणजे एकाला एक जागा सुमारे साडेपाच हजार मतांत, दुसऱ्याला तीस हजारांहून जास्त मतांत.

एक कारण साधे: राजरत्नांनी मोजक्याच जागा लढवल्या आणि मते एका टापूत गोळा झाली. दुसरे कारण अधिक बोचरे आहे. १९४८ च्या नागरिकत्व कायद्याने मळ्यांतल्या बहुतेक भारतीय तमिळांना नागरिकत्वच नाकारले. १९४६ च्या जनगणनेत ते जवळपास पावणेआठ लाख होते. नागरिकत्व गेले, पाठोपाठ मतही गेले. पण मतदारसंघ आखताना डोकी मोजली जात ती एकूण लोकसंख्येची. दर ७५ हजार लोकांमागे एक जागा, शिवाय दर हजार चौरस मैलांमागे आणखी एक. त्यामुळे डोंगराळ भागात जागा पडल्या मजुरांच्या संख्येने आणि मत दिले आजूबाजूच्या सिंहली खेड्यांनी. तिथे निवडून यायला थोडी मते पुरत. ज्यांना देशाबाहेर घालवा म्हणून हा पक्ष ओरडत होता, त्यांच्याच डोक्यांच्या मोजणीने त्या भागाला जास्त जागा मिळाल्या होत्या.

दोन्ही खासदार नवरा-बायको होते, हे खरे का?

खरे. वेलिमडातून राजरत्न, शेजारच्या उवा-परणगममधून कुसुमा राजरत्न. कुसुमाबाई त्याआधी, १९५७ मध्ये, नवऱ्याची जागा रिकामी झाल्यावर वेलिमडाच्या पोटनिवडणुकीत निवडून आल्या होत्या. जुलै १९६० च्या फेरनिवडणुकीतही पक्षाने दोन जागा राखल्या. संसदीय पक्षाची बैठक स्वयंपाकघरात घेता आली असती, अशी चेष्टा सुचते खरी. पण तेव्हाच्या सिलोनी संसदेत बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, आणि कुसुमाबाई त्यांतल्या एक होत्या. त्याच जुलैत बंडारनायकेंच्या विधवा सिरिमावो जगातल्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या. निवडणूक न लढवता, सिनेटमधून.

अशी चिमुकली घरे तेव्हा आणखीही होती. बंडारनायकेंचे आप्त एस. डी. बंडारनायके यांनी 'बोसत् बंडारनायके पक्षय' काढला. बोसत् म्हणजे बोधिसत्त्व! मृत पंतप्रधानाला थेट बोधिसत्त्व करून टाकणारे नाव. त्यालाही एक जागा मिळाली.

नंतर हा पक्ष तमिळांच्या पक्षासोबत सरकारात बसला म्हणतात. खरे?

हो. १९६५ मध्ये डडली सेनानायके यांना बहुमत कमी पडले. सात पक्षांची मोट बांधली गेली. सिंहलीत तिला 'हत् हवुल' म्हणत, म्हणजे सातांची भागी. त्यात एका जागेवर उतरलेला राजरत्नांचा पक्ष होता आणि चेल्वनायकमांचा फेडरल पक्षही होता. सात वर्षांपूर्वी एकाच आदेशाने बंदी आलेले दोघे आता एकाच सरकारच्या पाठीशी. ज्या कराराला फितुरी म्हणत पक्ष वाढला, तशाच धर्तीचा नवा करार डडली आणि चेल्वनायकम यांनी २४ मार्च १९६५ ला केला होता.

आता विरोधात बसलेल्या फ्रीडम पार्टीने आणि डाव्यांनी तमिळविरोधी बोली लावायला सुरुवात केली. ८ जानेवारी १९६६ ला तमिळ भाषेच्या नियमांविरुद्ध कोलंबोत मोर्चा निघाला, गोळीबारात एक तरुण भिक्खू मेला. कामगारांच्या आंतरराष्ट्रीय एकजुटीची गाणी म्हणणारे लोक त्या मोर्चामागे होते. राजरत्नांची जागा मोठ्या पक्षांनी घेतली होती, त्यांच्यासाठी काही उरले नव्हते.

याच सरकारने १९६६ पासून रविवारची सुट्टी बंद करून चंद्राच्या कलांप्रमाणे पोयाच्या दिवशी सुट्टी सुरू केली. आठवडा कधी सात दिवसांचा, कधी आठ. बंदर, बँका, परदेशी व्यापार सगळ्यांची तारांबळ उडाली आणि १९७१ मध्ये रविवार परत आला. पौर्णिमेची सुट्टी मात्र आजही आहे.

म्हणजे पक्ष संपला?

पक्ष संपला. १९७० च्या निवडणुकीनंतर तो कोणाच्या खिजगणतीत नव्हता. मागण्यांचे तसे झाले नाही. १९६४ च्या सिरिमावो-शास्त्री कराराने मळ्यांतल्या सव्वापाच लाख तमिळांना भारतात पाठवायचे आणि तीन लाखांना सिलोनचे नागरिकत्व द्यायचे ठरले. १९७२ च्या प्रजासत्ताक घटनेत सिंहलीला घटनात्मक स्थान आले, बौद्ध धर्माला 'अग्रस्थान' मिळाले, आणि जुने कलम २९ गळाले. यातले काहीच राजरत्नांनी करून घेतले नाही. ते दुसऱ्यांनी केले, कारण न करणाऱ्याला 'कमी सिंहली' म्हणणारा कोणीतरी बाजूला उभा असे.

महाराष्ट्रातल्या बौद्ध चळवळीशी याचा काही संबंध?

पक्षाशी नाही. पण एक धागा आहे. १९५० मध्ये सिलोनमध्ये जागतिक बौद्ध परिषद भरली, तिला डॉ. बाबासाहेब आंबेडकर गेले होते. परिषद भरवण्यामागे होते विद्वान जी. पी. मललसेकेर, आणि तेच अखिल सिलोन बौद्ध काँग्रेसचेही आघाडीचे नेते. त्याच १९५६ मध्ये, त्याच बुद्ध जयंतीच्या वर्षात, १४ ऑक्टोबरला नागपूरला धम्मदीक्षा झाली. समुद्राच्या एका बाजूला बुद्ध बहुसंख्याकांच्या हातातला झेंडा झाला होता, दुसऱ्या बाजूला गावकुसाबाहेर ठेवलेल्यांनी तो जवळ केला. सिंहली समाजात तर संघातही जात शिरलेली: सियाम निकायात, म्हणजे भिक्खूंच्या त्या पंथात, उपसंपदा (पूर्ण भिक्खू-दीक्षा) मिळते ती गोविगम या वरच्या, शेतकरी कुळातल्यांनाच, म्हणून इतरांनी अमरपुर निकाय काढला. 'बौद्ध राष्ट्रवाद' हा शब्द वाचून नागपूरचे चित्र डोळ्यासमोर आणणे, किंवा कोलंबोचे पाहून नागपूरला जोखणे, दोन्ही चूक.

आज असा पक्ष आहे का?

२००० साली 'सिहल उरुमय' नावाचा पक्ष एक जागा घेऊन आला. त्यातून निघालेल्या 'जातिक हेल उरुमय'ने २००४ मध्ये सगळे उमेदवार भिक्खूच दिले. सुमारे सहा टक्के मते, नऊ भिक्खू खासदार. राजरत्नांना जन्मात एवढी मते पडली नव्हती. नावात पुन्हा तोच 'जातिक'.